‘येते’ म्हणायचं राहिलं

घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे मला परकर नेसत होते तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही जानेवारीतल्या त्या सोमवारी संध्याकाळी मी नाशिकच्या आमच्या फ्लॅटच्या दारात उभी राहून, बॅग खांद्याला अडकवून, खणखणीत आवाजात ‘जाते मी’ म्हणाले आणि दार ओढून घेतलं. आतून उत्तर आलं नाही. आमचे हे सोसायटीची पाण्याची टाकी कोणत्या दिवशी धुवायची त्याची सूचना फळ्यासाठी लिहीत बसले होते.

एकतीस वर्षं या माणसाने मला ‘एकदा डोंगराजवळ, तळ्याकाठी चार दिवस राहू’ असं सांगितलं. आधी ऑफिस होतं, मग मुलीची दहावी, मग तिचं लग्न. निवृत्त झाल्यावर त्यांनीच कुठूनतरी शोध लावला की तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीच्या पुढे एका तलावाकाठी दोन कॉटेज आहेत, मालक मराठी आहेत आणि जेवण घरचं असतं. बुकिंग त्यांनी केलं, तिकिटं त्यांनी काढली. आणि निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, “अगं, टाकीचं काम आलंय. मी सेक्रेटरी आहे. पुढच्या महिन्यात बघू.” मी म्हटलं, बघा तुम्ही. मी चालले. त्या क्षणापासून आमचा अबोला सुरू झाला. मनात मी असंही ठरवलं होतं की या खेपेला पहिला शब्द माझा असणार नाही, मग सहा महिने गेले तरी बेहत्तर.

रात्रीच्या गाडीत एकटी बाई म्हणून मी मंगळसूत्र काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. टिकली झोपेत कुठेतरी पडली. टिकल्यांचं पाकीट शोधलं तेव्हा आठवलं, ते घरी आरशाला चिकटवलेलंच राहिलं. या दोन क्षुल्लक गोष्टी मी इथे का लिहिते आहे ते पुढे कळेल. मला स्वतःला कळायला तीन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आदिलाबादला उतरले तर उन्हातही थंडीने अंगात कापरं भरत होतं. स्टँडवर बसच्या पाट्या तेलुगूत. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण त्या गोल गोल अक्षरांपुढे पहिलीतल्या पोरीसारखी उभी राहिले. एकाला हिंदीत विचारलं, त्याने तेलुगूत उत्तर दिलं. दुसऱ्याला मराठीत विचारलं, त्याने हिंदीत दिलं. शेवटी पांढरा पटका बांधलेले एक आजोबा जवळ आले. “कोठी जाऊन राह्यल्या बाई?”

“इंद्रवेल्लीला.”

“मंग इकडं काऊन उभ्या हा? ही तं निर्मळची हाये. या माह्या मागं.”

गुडीहत्नूरपर्यंत हमरस्ता आहे, तिथून बस डावीकडे वळते. कापसाच्या गाड्या पुढे गेलेल्या असाव्यात, कारण रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. मग सागाचं जंगल लागलं. पानं वाळून तांबूस झालेली, आणि त्यांच्या मागे निळसर डोंगरांची रांग. इंद्रवेल्लीला उतरून रिक्षा केली. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या बायकांना मी आधीच पुरेसा त्रास दिला आहे. एक चढ चढून रिक्षा वळली आणि खाली चेरुवु (तलाव) दिसला. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला मातीचा लांब बांध, पाण्यावर पाणकोंबड्या. मला इतका आनंद झाला की मी शेजारी वळून ‘अहो बघा’ म्हणणार होते. शेजारी बॅग होती.

कॉटेज म्हणजे कापसाच्या शेताच्या कडेला बांधलेली दोन कौलारू खोल्यांची घरं. मालकीण वत्सलाबाई साठीच्या आसपासच्या, उंच, सडपातळ, डोक्यावरून पदर. मुलगा आदिलाबादला नोकरीला असतो, बुकिंग तो घेतो, बाकी सगळं बाई बघतात. त्यांनी ओसरीवर पाणी ठेवलं आणि वही पुढे केली. वहीत रकाने होते: नाव, गाव, वय, पतीचं किंवा वडिलांचं नाव, सोबत कोण. पतीच्या नावाशी माझं पेन थांबलं. टाकी आठवली, डोकं तापलं आणि मी तिथे एक आडवी रेघ ओढली. ‘सोबत कोण’पुढेही तशीच रेघ मारली.

“दोघायचं सांगतलं होतं पोरानं,” बाई हळूच म्हणाल्या.

“दोघांचं होतं. आता एकटीच,” मी म्हटलं. “एकाचंच जेवण करा.”

बाईंनी वहीतली रेघ पाहिली, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. “फोनाले रेंज फकस्त बांधावर येते बाई, पिंपळापाशी. कोनाले कराचा असंन तं...”

“मला कोणालाही करायचा नाही.”

आत जाऊन त्यांनी दोन खाटांतली एक उचलून बाहेर नेऊन ठेवली. मला वाटलं, किती समजूतदार बाई आहे.

संध्याकाळी मी ओसरीवर चहा घेत बसले होते तर गावातल्या पाच-सहा बायका आल्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. माझ्यासमोर घोंगडीवर बसल्या. मी ‘या, या’ म्हटलं. कोणी हसलं नाही. मी तलावाचं कौतुक केलं, त्यांनी मान हलवली. मी थंडीची तक्रार केली तर एक म्हातारी निःश्वास टाकून म्हणाली, “काय करता बाई, आपल्या हातात काय हाये?” थंडीच्या बाबतीत हे खरंच होतं. पंधरा मिनिटं बसून त्या एकदम उठल्या आणि चालू लागल्या. ‘येतो’ नाही, ‘बसा’ नाही, मागे वळून पाहणं नाही. मी प्रवासात टिपणवही ठेवते. त्या दिवशी लिहिलं: ‘माणसं प्रेमळ, पण निरोप घ्यायची रीत नाही.’

दुसऱ्या दिवशी माझा गोंधळ जेवणापासून सुरू झाला. सकाळची भाकरी आणि अंबाडीची भाजी एका घरून आली, दुपारी सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी दुसऱ्या घरून. वत्सलाबाईंची चूल तर पेटलेली दिसत होती. मी विचारलं, “तुम्ही नाही का केलंत?” त्या म्हणाल्या, “माह्याकडचं रातच्याले. चार घरचं खाल्लं पाहिजे बाई.” आमटी पांढुरकी होती. हळद नाही, फोडणी नाही. चवीला वाईट नव्हती, पण कशाची तरी उणीव होती. तिळगुळाचे दिवस असूनही ताटात गोडाचा कण नव्हता. मी टिपणवहीत लिहिलं: ‘आदिलाबादकडे स्वयंपाकात हळद घालत नाहीत.’ या वाक्याची मला आज फार लाज वाटते.

दुपारी तलावाला वळसा घालायला निघाले. पलीकडच्या काठावर गोंडांची वस्ती आहे. तिथे जंगूबाई नावाची म्हातारी शेळ्या चारत होती. ती गोंडी बोलणारी, मराठी तोडकंमोडकं. तिने मला अंगणात बसवून गटका (ज्वारीच्या कण्यांचा घट्ट भात) आणि ताक दिलं. मी खुणेने सांगितलं की चालून गुडघा दुखतो. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघेदुखीवर इतकी माया मला आजवर डॉक्टरांनीही दाखवलेली नाही.

परतताना मी वेंधळेपणा केला. पाणकोंबड्या जवळून पाहाव्यात म्हणून पाण्यापर्यंत गेले आणि चिखलात पाय रुतला. पाय निघाला, सँडल आतच राहिली. ती काढायला मी वाकले, तोल सांभाळत आणखी एक पाऊल पुढे टाकलं, आणि मागून आरडाओरडा झाला. कापूस वेचणाऱ्या दोन बायका धावत आल्या. एकीने डावा दंड धरला, एकीने उजवा, आणि मला उचलल्यासारखं करून थेट बांधावर आणलं. दोघींचा श्वास फुलला होता.

“असं करू नोका बाई,” एक म्हणाली. “पोरंबाळं हायेत न तुमाले?”

“एक मुलगी आहे. पण माझी सँडल...”

“जाऊ द्या ते. जीवापरीस काई मोठं नसते.”

एका सँडलीसाठी जीवापर्यंत गोष्ट जावी हे मला कळेना. त्यानंतर मी तलावाकडे पाऊल टाकलं की त्या दोघी पन्नास पावलांवरून मागे यायच्या. मी थांबले की थांबायच्या. मला वाटलं, पाण्यात मगर असणार. वत्सलाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “मगर नाई बाई. पन एकटं पान्याजवळ बसू नाई. मन कोठीबी जाते.” त्यांनी मला त्यांच्या जुन्या चपला दिल्या. त्या मला एक बोट मोठ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मात्र मला राग आला. मारुतीच्या पारावर गावातल्या बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वत्सलाबाई तिकडे निघाल्या म्हणून मीही गेले. हातात तबक घेतलेली एक तरुण बाई ओळीने सगळ्यांना कुंकू लावत येत होती. माझ्यापाशी आली, थबकली, तिची नजर खाली गेली, आणि मला ओलांडून तिने पलीकडच्या बाईच्या कपाळाला बोट टेकवलं. माझे कान तापले. मला शहरातली म्हणून वगळलं, की जात विचारली नव्हती म्हणून वगळलं, काय समजायचं? इतक्यात वत्सलाबाईंनी माझा हात धरला. त्या पाराच्या कडेला, ओळीबाहेर बसल्या होत्या. “इथं या बाई. आपन इथंच बसाव.” मी बसले. ‘आपण’ म्हणजे कोण हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी अपमान गिळण्यात गुंतले होते.

त्या संध्याकाळी जेवण वत्सलाबाईंच्या घरी, चुलीपुढे. भाकरी भाजता भाजता त्या एकदम बोलायला लागल्या. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या, तव्याकडे बघत होत्या.

“आमच्या आंगनात सीताफळाचं झाड होतं. माहेरून बी आनून मी लावलं होतं. मालकायनं गोठा वाढवाले ते तोडलं. मले विचारलंबी नाई. मी बोलनं बंद केलं. ताट वाढाव अन् तोंड फिरवाव. चार दिस. चौथ्या दिवशी सकाळी ते वावरात निंघाले. दारातून म्हनले, ‘येतो वं.’ मी आयकलं. धुनं धुवून राह्यली होती. मान वर केली नाई, ‘या’ म्हनलं नाई.” त्यांनी भाकरी उलटली. “दुपारी लोकं त्यायले खाटंवर घेऊन आले. कपाशीतच पडले होते. डाक्टर म्हने, हृदय बंद पडलं.”

त्यांनी भाजलेली भाकरी माझ्या ताटात टाकली.

“सात वरसं झाले. पोराले नाई सांगतलं, कोनालेच नाई सांगतलं. तुमाले सांगून राह्यली, काऊन की तुमच्यावर नवंनवं पडलं हाये. तुमाले समजते. आमच्यात तेरवी झाली की बाईले एकदा परगावी नेतात, चार घरचं खाऊ घालतात. मंग तिचा दुखवटा मोडते. पोरानं सांगतलं दोघायचं बुकिंग हाये अन् तुमी एकट्याच आल्या, तवाच मी समजली. म्हनलं, आपल्या दारी आली तं आपनच मोडू तिचा दुखवटा.” मग पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, “किती दिस झाले बाई, तुमचे मालक जाऊन?”

आधी माझ्या डोळ्यांपुढे ती आडवी रेघ आली. मग रिकामा गळा, उचललेली खाट, हळदीशिवायची आमटी, तलावावरून ओढून आणणाऱ्या दोघी, कुंकवाचं थबकलेलं बोट. आणि ‘येतो’ न म्हणता उठून जाणाऱ्या बायका. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी स्वतः शेजारणीला सांगितलं होतं, ‘भेटून निघताना येते म्हणू नका हं.’ सगळं मला माहीत होतं. फक्त कोणी गेलेलं नव्हतं, म्हणून मला ओळखता आलं नाही.

‘अहो, ते जिवंत आहेत, टाकी धुतायत’ असं मी त्याच क्षणी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. सात वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्या बाईने ज्या विश्वासाने माझ्यापुढे ठेवली होती, तिच्यावर हे वाक्य टाकायची मला हिंमत झाली नाही. मी नुसती मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात चोरून घेतल्यासारखं मला वाटत राहिलं.

सकाळी उजाडताच मी बांधावर गेले. पिंपळाखाली उभी राहून यांना फोन लावला. पहिला शब्द माझा नसणार वगैरे सगळं मी विसरले होते. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. चार वेळा लावला. मग शेजारच्या कुलकर्णी वहिनींना लावला.

“अगं, भाऊजी बुधवार संध्याकाळपासून दिसले नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “दार बंद आहे. आणि आत्ता आतून फोन वाजत होता, मला भिंतीतून ऐकू येतो ना.”

“कुलूप आहे का बाहेरून?”

“कुलूप नाही. लॅच लागलंय. ते आतून लावलंय की बाहेरून ओढलंय, कसं कळणार?”

मी त्यांना दार वाजवायला सांगितलं. त्यांनी वाजवलं, मला ते ठोके ऐकू आले. मग शांतता. “मी वॉचमनला बोलावते, सुताराला आणते,” असं काहीसं त्या म्हणाल्या आणि रेंज गेली. मी पिंपळाच्या बुंध्याला टेकून खाली बसले. एवढ्या थंडीत अंगाला दरदरून घाम सुटला होता. तीन दिवस मी या गावात विधवा म्हणून जेवले होते, विधवा म्हणून माया करून घेतली होती. माझ्या सगळ्या गणिताला न जुमानता मला एकच वाटत होतं, की मी हे ओढवून घेतलं. जाताना ‘जाते’ म्हणाले, वहीत रेघ मारली, आणि आता ती रेघ खरी झाली. मागे पन्नास पावलांवर त्या दोघी उभ्या होत्या. मला रडताना पाहून त्या पुढे यायला लागल्या.

तेवढ्यात बांधाच्या टोकाला रिक्षेचा आवाज आला. रिक्षा खडखडत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. आतून आधी एक माकडटोपी बाहेर आली, मग पिशवी, मग आमचे हे. हातात गोळ्यांची स्ट्रिप उंच धरलेली.

“अगं, रक्तदाबाच्या गोळ्या विसरलीस!”

मी त्यांच्या दंडावर दोन गुद्दे मारले. “फोन कुठाय तुमचा? फोन कुठाय?”

“घरीच राहिला चार्जिंगला. निघालो घाईत. काल दुपारी आदिलाबादला उतरलो आणि निर्मळच्या बसमध्येच बसलो की! अंधार पडेपर्यंत उलटसुलट फिरत होतो, मग लॉजवर राहिलो. पत्ता डायरीत होता म्हणून बरं.” मग जरा घुटमळून म्हणाले, “टाकी मंगळवारीच धुऊन झाली. बुधवारी चहा केला, दोन कप केला. मग म्हटलं, जावं.”

त्या दोघी आता जवळ आल्या होत्या. एकीने मला विचारलं, “बाई, हे कोन?”

“हे...” मी डोळे पुसले. “हे आमचे हे.”

दोघींच्या खांद्यावरच्या कापसाच्या झोळ्या खाली पडल्या.

पुढचा तासभर मी वहिनींना फोन करून सुताराला थांबवण्यात घालवला आणि तेवढ्यात बातमी गावभर झाली. हसू कोणाला आवरेना. पारावरच्या एका म्हाताऱ्याने यांना गंभीर चेहऱ्याने विचारलं, “वरतं कसं काय हाये जी? थंडी हाये का?” यांना काहीच उलगडेना. ते म्हणाले, “वर म्हणजे डोंगरावर का? मी अजून गेलो नाही.” जंगूबाई पलीकडच्या काठावरून चालत आली, यांच्याभोवती एक फेरी मारून तिने यांचा हात चिमटीत धरून पाहिला आणि गोंडीत काहीतरी बोलून पोट धरून हसली. तबकवाली तरुण बाई धावत आली आणि तिने माझ्या कपाळावर कुंकवाचा एवढा मोठा टिळा ओढला की तो नाकावर सांडला. ते कुंकू लावून घेताना मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी ते पुसून टाकावंसंही वाटलं, कारण वत्सलाबाई दारातून बघत होत्या. त्या दोन्ही वाटण्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

वत्सलाबाई हसल्या नाहीत. माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाल्या, “काल माह्या चुलीपुढं बसून तुमी सांगतलं काऊन नाई?” आणि उत्तराची वाट न पाहता वावरात निघून गेल्या. दुपारचं जेवण शेजारच्या घरून आलं. त्यात हळद होती, फोडणी होती, वर गुळाची पोळी होती. मी ताट तसंच झाकून ठेवलं.

यांना सगळं सांगितलं. त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “म्हणजे मी तीन दिवस नव्हतो.”

“हो.”

“आणि तू काही बोलली नाहीस?”

“मला माहीतच नव्हतं हो!”

ऊन कलल्यावर मी वावरात गेले. वत्सलाबाई कपाशीच्या ओळीत एकट्या वेचत होत्या. मी त्यांच्या शेजारच्या ओळीत शिरले आणि बोंडातून कापूस काढायला लागले. बोंडाची टोकं बोटांना टोचतात हे मला माहीत नव्हतं. त्या वेचत राहिल्या. अर्धी ओळ झाल्यावर मी म्हटलं, “आमचाही अबोला होता. रविवारपासून. टाकीवरून. तुम्ही काल सांगितलं नसतं तर मी आज फोन केला नसता.”

“अन् उचलला का त्यायनं?”

“नाही. घर बंद, आत फोन वाजतोय. मला दरदरून घाम फुटला.”

त्या थांबल्या. “तो घाम मले ठाऊक हाये,” म्हणाल्या. मग माझ्या हातातला कापूस घेऊन त्यातला कचरा निवडायला लागल्या. “पाचोळा घेऊन राह्यल्या बाई. असा नाई, असा काढा.” अंधार पडायच्या आत आम्ही ती ओळ संपवली. रागावल्या होत्या की नव्हत्या, मला सांगता येणार नाही.

निघायच्या सकाळी धुकं होतं, डोंगर अर्धेच दिसत होते. रिक्षा येऊन उभी राहिली. गावातल्या बायका आल्या होत्या, वत्सलाबाई दिसत नव्हत्या. मी त्यांच्या चपला धुऊन ओसरीवर ठेवल्या. ओसरीवर वही होती. मी ती उघडून माझ्या नावापुढच्या रेघेवर यांचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर रेघेवर चढून गिचमीड झालं, पण वाचता येत होतं. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्या गोठ्यामागून आल्या, हातात फडक्यात बांधलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. शेंगा माझ्या मांडीवर ठेवल्या. चार दिवसांत त्या गावातल्या कोणीही मला निरोपाचा शब्द दिला नव्हता आणि आता मला तो मागायची सोय नव्हती.

“येते,” मी म्हणाले.

त्यांनी रिक्षेची दांडी धरून ठेवली. आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“येजा,” त्या म्हणाल्या. पुन्हा या, असा त्याचा तिकडचा अर्थ. दांडी सोडून त्या लगेच वळल्या आणि वावराकडे चालू लागल्या.

नाशिकला येऊन तीन आठवडे झाले. प्रवासाने आमचे स्वभाव बदलले असं लिहिलं तर ते खोटं होईल. परवाच सकाळी पुन्हा वाजलं, तेही त्याच टाकीवरून. झाकण बसवायचं होतं आणि हे मला बाजारात न्यायचं कबूल करून विसरले होते. मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले. हे चपला घालत होते, ते मला आवाजावरून कळलं. मग दारातून हळू, जरा घाबरतच म्हणाले, “येतो गं.”

माझी मान वर होईना. दार ओढल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजू लागली, एक मजला, मग दुसरा. मी गॅस बंद केला, दार उघडलं आणि कठड्यावरून खाली वाकून, कुलकर्णी वहिनींच्या घरात ऐकू गेलं तरी चालेल अशा आवाजात ओरडले, “या!”